न्यूझीलंड महाग, तरी डागडुजीला बोटी तिथेच का जातात?

(एका मंचावरची चर्चा. प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओहोटी

प्रशांत महासागरात हिंडणाऱ्या शिडाच्या बोटींचा एक मोठा जथा दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोंगा आणि फिजी सोडून खाली न्यूझीलंडला उतरतो. तिथला उन्हाळा काढतो, डागडुजी करून घेतो आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा वर जातो. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हा वरच्या बेटांवर चक्रीवादळांचा काळ, त्यामुळे पट्ट्याबाहेर जाणं समजतं. न कळणारी गोष्ट पुढची आहे.

न्यूझीलंड स्वस्त नाही. एप्रिल २०२४ पासून तिथलं किमान वेतनच ताशी २३.१५ न्यूझीलंड डॉलर होतं, कुशल कारागिराचा दर त्याच्या कितीतरी वर. जीएसटी १५ टक्के. फिजी किंवा टोंगाहून तिथे पोचायला हजारेक सागरी मैल, म्हणजे ७ ते १० दिवस, आणि शेवटच्या टप्प्यात हवामान बेभरवशाचं. वर बोटीच्या तळाला काही चिकटलेलं दिसलं तर सरकार अडवतं. फिजीत तर वादळाच्या काळातही बोट ठेवायची सोय झाली आहे, ऑस्ट्रेलियात दुरुस्तीचे मोठे यार्ड आहेत.

समोर एक उदाहरण ठेवतो म्हणजे उत्तर हवेत राहणार नाही. १५ मीटरची फायबरग्लासची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), परदेशी नोंदणी, मालक न्यूझीलंडचा रहिवासी नाही. मुक्काम पाच महिने. कामं अशी: सगळं स्टँडिंग रिगिंग (डोलकाठीला उभं धरणाऱ्या वायरी) बदलायचं, सेलड्राइव्हचा (तळातून खाली उतरणाऱ्या प्रोपेलरच्या पायाचा) डायफ्राम, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, तळाला अँटिफाउलिंग, म्हणजे जीव चिकटू न देणारा रंग, प्रोपेलरवर लेप आणि एक नवं मेनसेल, म्हणजे मुख्य शीड. फिजी, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा आणि न्यूझीलंड असे तीन रकाने आखून ताशी दर लिहिले की फिजी सहज पुढे जाते. मग हा धंदा न्यूझीलंडच्या हातात टिकलाय कशावर? आणि पुढे टिकेल का?

डोलकाठी

ओहोटी, रकाने बरोबर आखलेत, पण त्यात ताशी दर लिहू नका. काम पुरं होऊन बोट पाण्यात उतरायला किती दिवस लागतात आणि पहिल्याच फेरीत ते किती नीट होतं, हे लिहा. मग चित्र उलटतं.

तुमच्याच यादीतलं रिगिंग घ्या. विमा कंपन्या साधारण १० वर्षांनी स्टँडिंग रिगिंग बदलायला सांगतात. १५ मीटरच्या बोटीला बहुतेक १० मिमीची, ३१६ स्टीलची १×१९ (१९ तारांच्या एकाच पिळाची) वायर असते. आता काय होतं, तर जुनी वायर मोजून नवी कापली एवढ्यावर काम संपत नाही. डोलकाठी क्रेनने उतरवली की खरे दोष दिसतात. खालच्या टोकाच्या स्वेज टर्मिनलांत (वायरीवर दाबून बसवलेल्या टोपणांत) खारं पाणी उतरून साचतं, वरच्या टोकांत साचत नाही, म्हणून उभ्या चिरा बहुतेक खालीच सापडतात. चेनप्लेट (वायर बोटीला जोडणारी धातूची पट्टी) बाहेरून चकचकीत आणि डेकमधून जाते त्या दोन-तीन सेंटिमीटरांत खड्डे पडलेली असते, कारण तिथे ओल राहते आणि हवा पोचत नाही. स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांड्याच्या) मुळाशी ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागलेले असतात, तिथे पांढरी भुकटी धरलेली असते. हे सगळं उघडल्यावर कळतं, म्हणजे कामाची यादी डोलकाठी आडवी झाल्यावर दुप्पट होते.

अशा वेळी तुम्ही कुठे आहात यावर सगळं ठरतं. ऑकलंड किंवा त्याच्या उत्तरेच्या व्हांगारेईत असाल तर चेनप्लेट त्याच गावात नवी कापून, पॉलिश करून मिळते. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा वेगळा, स्वेजिंगचं रोटरी मशीन असलेला वेगळा, शिडं शिवणारा वेगळा, आणि ही माणसं एकमेकांना ओळखतात. व्हांगारेईचा टाउन बेसिन तर शहराच्या मधोमध आहे, बोटीवरून उतरून चालत सामानाच्या दुकानात जाता येतं. फिजीत कारागीर वाईट आहेत असं मुळीच नाही, पण एक टर्मिनल कमी पडलं तर ते विमानाने मागवायचं, कस्टममधून सोडवायचं आणि तोवर यार्डचं भाडं भरत बसायचं. तिथे स्वस्त मजुरीचा फायदा वाट बघण्यात जातो.

हे जाळं एका दिवसात विणलेलं नाही. १९९५ मध्ये सॅन दिएगोला टीम न्यूझीलंडने शिडाच्या बोटींची अमेरिकाज कप ही स्पर्धा जिंकली, २००० ची स्पर्धा ऑकलंडला झाली, त्यासाठी व्हायाडक्ट हार्बरचा सगळा भाग नव्याने उभा राहिला. २००३ आणि २०२१ च्या स्पर्धाही तिथेच. कार्बनच्या डोलकाठ्या करणारी सदर्न स्पार्स, हे नाव त्या मुशीतून जगभर गेलं. शर्यतीच्या बोटीचा कार्बन हाताळलेला माणूस तुमच्या साध्या बोटीच्या सुकाण्यावर काम करतो तेव्हा तो कोपरा कसा गुळगुळीत करतो ते बघण्यासारखं असतं.

आणखी एक कारण फार जण विसरतात. २००८ च्या मंदीनंतर तिथलं नव्या सुपरयॉट, म्हणजे मोठ्या आलिशान बोटी, बांधण्याचं काम आटलं. न्यू प्लिमथची फिट्झरॉय यॉट्स आणि ऑकलंडची अलॉय यॉट्स या दोन्ही नावाजलेल्या गोद्या बंद झाल्या. देशाचं नुकसान मोठं झालं, पण हाताखालचे सुतार, वेल्डर, रंगारी सगळे देश सोडून गेले नाहीत. बरेच जण दुरुस्तीच्या कामाकडे वळले. नवी बोट बांधलेल्या माणसाला जुनी बोट उघडताना आत काय असेल हे आधीच ठाऊक असतं.

आता या धंद्याचा मोठा दोष. नाताळाच्या आसपास बहुतेक यार्ड आणि कारखाने बंद होतात, ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. सगळ्या बोटी नोव्हेंबरात एकदम येतात, प्रत्येकाला क्रेन लगेच हवी असते, आणि हातात खरे कामाचे आठवडे पाच-सहा. जी बोट डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डोलकाठी उतरवते तिची डोलकाठी फेब्रुवारीपर्यंत आधाराच्या घोड्यांवर आडवी पडलेली राहते.

सुकाणू

डोलकाठींचं म्हणणं पटलं. त्याला सीमेवरच्या नियमांची बाजू जोडतो, कारण बहुतेकांच्या मनात भीती तिचीच असते आणि तिच्यातच धंद्याचा एक भाग दडलेला आहे.

तळाला चिकटणाऱ्या जीवांबद्दलचा नियम १५ मे २०१८ पासून सक्तीचा आहे. २१ दिवस किंवा जास्त राहणाऱ्या प्रत्येक बोटीचा तळ स्वच्छ हवा. स्वच्छ म्हणजे काय, तर पातळ शेवाळी थर चालतो आणि गूस बार्नॅकल (देठाने चिकटणारे कवचाचे जीव) चालतात, कारण ते भर समुद्रातच धरतात, बंदरात वस्ती करत नाहीत. कडक कवचाचे बार्नॅकल, शिंपले, नळ्यांतले किडे, झुपकेदार वनस्पती यांतलं काही चालत नाही. पाळायचे मार्ग तीन. एक, पोचण्याआधीच्या ३० दिवसांत तळ पूर्ण साफ करून घ्यायचा. दोन, योग्य अँटिफाउलिंग आणि नियमित देखभाल सतत चालू ठेवायची आणि त्याचे कागद दाखवायचे. तीन, पोचल्यापासून २४ तासांत मान्यता असलेल्या यार्डमध्ये बोट बाहेर काढून साफ करायची आधीच नोंदणी ठेवायची.

अडचण कुठे येते ते सांगतो. तळाचा सपाट भाग सगळेच घासतात. पाणबुड्याने दिवा धरला की सापडतं ते कोपऱ्यांत. सुकाण्याच्या वरच्या टोकाला, सुकाणू आणि तळ यांच्यामधल्या बोटभर फटीत. कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बुडाला, जिथे मागच्या वेळी बोट ठोकळ्यांवर टेकलेली होती आणि रंग लागलाच नव्हता. बो थ्रस्टरच्या (नाळेतल्या आडव्या प्रोपेलरच्या) बोगद्यात. सेलड्राइव्हच्या पायाशी, थ्रू-हलच्या (तळातून आरपार जाणाऱ्या नळीच्या) तोंडात, ट्रान्सड्यूसरच्या (खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) कडेला, रेडिओच्या अर्थिंगच्या पितळी पट्टीवर. या जागा फिजी किंवा टोंगा सोडायच्या आधी प्लास्टिकच्या पट्टीने आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडायच्या. चरे पाडणारं काही वापरू नका, खालचा रंग उडतो आणि तिथे पुढच्या दहा दिवसांत आणखी जोमाने धरतं. कामाआधी आणि कामानंतर, प्रत्येक जागेचे तारखेसह फोटो काढायचे. अँटिफाउलिंगच्या डब्यांची पावती, बोट बाहेर काढल्याचं बिल, फोटो, हे सगळं आगमनाच्या सूचनेसोबत पाठवायचं. ती सूचना पोचण्याच्या किमान ४८ तास आधी गेली पाहिजे. बिल नसेल तर चांगला तळही संशयास्पद ठरतो.

एवढी कडक शिस्त कशासाठी? २००८ मध्ये लिटलटन बंदरात भूमध्यसागरी फॅनवर्म (नळीत राहणारा किडा) सापडला, मग तो ऑकलंडच्या पाण्यात पसरला. एकदा रुजला की निघत नाही, शिंपल्यांच्या शेतीवर बसतो. २०२१ मध्ये ऑकलंडजवळच्या ग्रेट बॅरियर बेटाजवळ परकी कॉलर्पा सापडली, २०२३ मध्ये बे ऑफ आयलंड्सच्या ते राविटी भागात. ही समुद्री वनस्पती तुकड्यातून वाढते, नांगराच्या साखळीत अडकून एका खाडीतून दुसरीकडे जाते. म्हणून त्या भागांत नांगर टाकायलाच बंदी आली. बोटींचं माहेरघर म्हणवणाऱ्या खाडीच्या एका भागात नांगर टाकायला बंदी येणं, ही त्या देशासाठी साधी गोष्ट नाही.

आणि आता धंद्याची बाजू. या नियमामुळे उत्तरेकडच्या ओपुआ, मार्सडन कोव्ह आणि व्हांगारेईच्या यार्डांना दर नोव्हेंबरात खात्रीचं काम मिळतं. बोट बाहेर काढली की मालक म्हणतो, आता निघालीच आहे तर रंगही करून टाकू. रंगाला बोट उभी आहे तोवर डायफ्रामही. सेलड्राइव्हचा डायफ्राम व्होल्वो ७ वर्षांनी बदलायला सांगते. रबराचं कडं तसं मोठ्या किमतीचं नाही, पण ते बदलायला इंजिन सोडवून पुढे सरकवावं लागतं. मजुरी तिथे जाते, म्हणून तो माउंट, होज, एक्झॉस्ट एल्बो या इंजिनाच्या भागांसोबत एकाच उघडणीत करायचा असतो.

रंगाचा डबा

ओहोटी, तुमच्या बोटीचा रंगाचा हिशेब करून देतो, कारण यार्डच्या अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पाण्याखालचं क्षेत्रफळ ढोबळ काढायचं सूत्र: पाणरेषेची लांबी गुणिले रुंदी आणि खोली यांची बेरीज, आणि मध्यम खोलीच्या शिडाच्या बोटीला त्याचे तीन चतुर्थांश. १५ मीटरच्या बोटीची पाणरेषा १३ मीटर, रुंदी ४.४, खोली २.२ धरली तर १३ गुणिले ६.६, म्हणजे सुमारे ८६, त्याचे तीन चतुर्थांश ६४ चौरस मीटर. रोलरने लावताना एका लिटरात प्रत्यक्ष ८ चौरस मीटर धरा, डब्यावर त्याहून जास्त लिहिलेलं असलं तरी. दोन हात म्हणजे १६ लिटर. पाणरेषेचा हातभर पट्टा, नाळेची धार, कील आणि सुकाण्याच्या पुढच्या कडा इथे तिसरा हात लागतो, कारण पाण्याचा मारा आणि ऊन तिथे सगळ्यात जास्त. एकूण २० लिटर मागवा. सेलड्राइव्हचा पाय ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तांब्याचा रंग कधीही लावू नका, काही महिन्यांत धातू खाल्ला जातो. त्याला वेगळा तांबेविरहित डबा लागतो. ठोकळ्यांखालच्या आणि आधाराच्या पॅडखालच्या जागा बोट पट्ट्यांवर उचलल्यावर रंगवायच्या असतात. यार्डला आदल्या संध्याकाळी सांगून रात्रभर पट्ट्यांत टांगून ठेवायला लावा, त्याचे पैसे वेगळे पडतात पण सुकाणू म्हणाले तो कीलच्या बुडाचा त्रास तिथेच संपतो.

वरच्या बाजूचा चकाकता रंग करायचा असेल तर उत्तर बेटावरचा दमटपणा लक्षात ठेवा. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. उन्हाळ्यातही दुपारी चारनंतर ते अंतर झपाट्याने कमी होतं, रंग वाळता वाळता त्यावर ओल बसते आणि सकाळी दुधाळ दिसतो. म्हणून तिथले रंगारी तंबू ठोकून, आत कोरडी हवा सोडून काम करतात. तंबूची किंमत अंदाजपत्रकात बघून लोक भांडतात, पण तो नसेल तर दोनदा रंग करण्याची पाळी येते.

आता प्रोपेलर. त्यावर लावतात तो प्रॉपस्पीड नावाचा सिलिकोनचा लेप ऑकलंडचाच आहे, आणि या देशाची ताकद कशात आहे ते कळायला हे चांगलं उदाहरण आहे. तो विष सोडत नाही, इतका निसरडा असतो की प्रोपेलर फिरला की चिकटलेलं सुटून जातं. पण लावण्यात शिस्त लागते. ८० नंबरच्या कागदाने पितळ उघडं करायचं, पॉलिश करायचं नाही, खरवडलेलंच हवं. पुसायच्या कापडाने पुन्हा पुन्हा पुसायचं, कापड काळं येणं थांबेपर्यंत. मग दोन भागांचा एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर), दोन हात. आणि प्रायमर अजून चिकट असतानाच वरचा पारदर्शक लेप. ही मधली वेळ मिनिटांची असते. एक माणूस प्रायमर लावत पुढे जातो आणि दुसरा लगेच मागून लेप लावत येतो, असं दोघांनी मिळून करायचं काम आहे. एकट्याने केलं तर पहिल्या पात्यावरचा प्रायमर वाळून जातो आणि लेप चार महिन्यांत सालीसारखा निघतो. पितळ घासून रात्रभर ठेवलं तरी निघतो, कारण तेवढ्यात ते पुन्हा काळवंडतं. पाण्यात उतरवण्याआधी किमान ८ तास हात लावू नका. झिंकच्या ॲनोडवर (बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणाऱ्या तुकड्यावर) लेप लागला तर ॲनोड निकामी. दोष लेपाचा नसतो, हाताचा असतो. आणि ज्या गावात ही वस्तू जन्मली तिथे हे हात जास्त आहेत.

मॅक्सवेलचे विंडलास (नांगर ओढायची यंत्रं), मॅन्सनचे नांगर हेही मूळचे तिथलेच. तुटलेला भाग तिथे बऱ्याचदा बनवणाऱ्यांच्याच दारात जाऊन मागता येतो, ही सोय फार थोड्या बेटांवर आहे.

खारा वारा

सगळ्यांनी ताकद सांगितली. मला काळजी वाटते ती बाजू मांडतो, कारण हा धंदा कुणा एका कारखान्याचा नाही, किनाऱ्यावरच्या शेकडो लहान लहान कारागिरांचा आहे आणि एका चुकीच्या निर्णयाने तो हातचा जातो.

हे आधी घडलेलं आहे. जून १९९४ मध्ये न्यूझीलंडहून टोंगाकडे निघालेला ताफा वादळात सापडला, बोटी बुडाल्या, तीन माणसं गेली, एकवीस जणांना वाचवलं. त्यानंतर परदेशी बोटींनीही देश सोडताना रेडिओ आणि इपर्ब (संकटात ठावठिकाणा कळवणारं यंत्र) असल्याचं दाखवलं पाहिजे असा आग्रह सरकारने धरला. हेतू चांगला होता, कुणाचा जीव वाचावा हाच. पण परदेशी मालकांना आपण अडकून पडू असं वाटलं आणि काही जण ऑस्ट्रेलियाकडे वळले. शेवटी माल्टाच्या झेंड्याच्या एका बोटीचं प्रकरण कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये निकाल लागला की परदेशी बोटीवर आंतरराष्ट्रीय कायद्यापलीकडच्या अटी लादता येणार नाहीत. नियम गेला. पाहुण्या बोटीला येण्याचं स्वातंत्र्य जितकं हवं तितकंच जाण्याचं हवं, हे तेव्हा कळलं.

दुसरी वेळ कोविडची. मार्च २०२० ला सीमा बंद झाली. समुद्रमार्गे येणाऱ्या आनंदनौकांसाठी ती ३१ जुलै २०२२ ला रात्री उघडली. म्हणजे दोन मोसम पूर्ण बुडाले, तिसऱ्याची तयारी बुडाली. मार्च २०२१ ला ऑकलंडमध्ये अमेरिकाज कप झाला, पण ज्या परदेशी सुपरयॉटच्या ताफ्याच्या जोरावर यार्डांनी गुंतवणूक केली होती तो ताफा आलाच नाही. त्या काळात बोटी नुसत्या थांबल्या नव्हत्या, त्यांनी नव्या सवयी लावून घेतल्या. फिजीत वुडा मरीनात जमिनीत खड्डे खणलेले आहेत. कील खड्ड्यात उतरते, तळ टायरांवर जमिनीच्या पातळीला टेकतो आणि बोट पट्ट्यांनी जमिनीतल्या खुंट्यांना आवळतात. वाऱ्याला पकडायला उंची उरत नाही आणि आधार निसटून बोट आडवी पडण्याचा धोका जातो. फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टन वादळाने फिजीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, तरी अशा खड्ड्यावर विमा देणाऱ्या कंपन्या आहेत. एकदा मालकाला कळलं की हजार मैल खाली न जाताही मोसम काढता येतो, तर तो दरवर्षी येत नाही, तीन वर्षांतून एकदा येतो.

ऑस्ट्रेलियाची बाजू वेगळी. तिथे जीएसटी १० टक्के, ब्रिस्बेनच्या रिव्हरगेटला आणि कूमेराच्या यार्डला ३०० टनी ट्रॅव्हल लिफ्ट (पट्ट्यांवर बोट उचलून नेणारी चाकांची क्रेन), आणि २०१९ च्या कायद्याने परदेशी सुपरयॉटना तिथे चार्टर करायची, म्हणजे भाड्याने फिरवायची, मुभा मिळाली. चार्टर मिळालं की बोट देशात रेंगाळते, रेंगाळली की दुरुस्तीही तिथेच होते. न्यूझीलंडने ऑकलंडला ८२० टनी लिफ्ट बसवून मोठ्या बोटींसाठी उत्तर दिलंय, ते योग्यच. तळाच्या स्वच्छतेबाबत मात्र ऑस्ट्रेलियाही आता मोकळं रान नाही, १५ जून २०२२ पासून तिथेही आगमनाआधी तळाची माहिती द्यावी लागते. त्यामुळे 'न्यूझीलंडचे नियम जाचक' ही तक्रार पूर्वीइतकी खरी उरलेली नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका माणसांचा आहे. बोटबांधणीचा प्रशिक्षणार्थी तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियात जास्त पगार आहे आणि जायला व्हिसाचा अडथळा नाही. अमेरिकाज कप २०२४ ला बार्सेलोनाला झाला, २०२७ ची नेपल्सला ठरली. संघ देशाचा, पण त्याच्याभोवतीचं काम परदेशात. दहा वर्षं असंच चाललं तर डोलकाठींनी सांगितलेली ती मूसच थंड पडेल.

गोडं पाणी

थोडं अवांतर. सगळी चर्चा उत्तर बेटाची झाली म्हणून लिहितो. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा त्यांच्या चार थांब्यांपैकी एक दक्षिण बेटावरचं लिटलटन होतं. नौदलाच्या महिला पथकाची 'तारिणी'ही २०१७ मध्ये तिथेच थांबली. या दोन्ही बोटी गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेल्या. केप हॉर्नकडे निघालेल्या या बोटींचा पुढचा थांबा थेट फॉकलंड होता. तिथे गर्दी नसते आणि क्राइस्टचर्चचं विमानतळ जवळ आहे, त्यामुळे सुटे भाग लवकर पोचतात. पण शिडं, रिगिंग आणि रंग या तिन्हींसाठी एवढे कारागीर एका जागी हवे असतील तर ऑकलंड-व्हांगारेई पट्टाच.

ओहोटी

फार कामाची माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून. जीएसटी परदेशी बोटीला खरंच भरावा लागतो का? आणि नोव्हेंबरच्या गर्दीतून वाट कशी काढायची?

डोलकाठी

जीएसटीचं सांगतो. मालक अनिवासी आणि बोट तात्पुरती आलेली असेल तर आगमनाच्या वेळी कस्टम तात्पुरत्या आयातीची नोंद करून देतं, मुदत २४ महिन्यांपर्यंत. त्या काळात बोटीच्या किमतीवर जीएसटी आणि शुल्क लागत नाही. बोट तिथे विकली किंवा मुदत उलटली तर मात्र लागतं. त्याच नोंदीच्या आधारावर बोटीवरची दुरुस्ती आणि बोटीला कायमचे बसवलेले भाग शून्य दराने मिळतात. म्हणजे तुमचं रिगिंग, डायफ्राम, रंग, मेनसेल यांवर १५ टक्के लागत नाहीत. किराणा, डिझेल, भाड्याची गाडी यांवर लागतात.

चूक इथे होते: नोंदीचा क्रमांक बिलावर छापलेला असावा लागतो आणि बिल बोटीच्या नावाने हवं. लोक घाईत दुकानात आपल्या नावाने रोखीत सामान घेतात आणि नंतर परत मागायला जातात. दुकानदार तेव्हा काही करू शकत नाही. पहिल्याच दिवशी त्या कागदाच्या दहा प्रती काढा, प्रत्येक यार्डला, शिडवाल्याला, रिगरला कामाआधी एक द्या. ही सूट धरली आणि न्यूझीलंड डॉलर अमेरिकी डॉलरहून स्वस्त आहे हे लक्षात घेतलं, तर तुमच्या रकान्यातला फरक बराच मिटतो.

सुकाणू

गर्दीची वाट मागून पुढे मोजायची. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर बोट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाण्यात, शिडं चढवलेली हवी. नव्या रिगिंगचा ताण दोन-तीनदा भर वाऱ्यात जाऊन पुन्हा जुळवावा लागतो, वायर सुरुवातीला किंचित लांबते. म्हणजे डोलकाठी मार्चच्या मध्याला उभी राहायला हवी. म्हणजे ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला उतरवायची, जेव्हा यार्ड सुट्टीवरून परत येऊन स्थिरावलेलं असतं. मेनसेलची मापं मात्र नोव्हेंबरात, डोलकाठी उभी असतानाच द्या. शिडवाले जानेवारीत शिवतात, मार्चमध्ये तयार मिळतं.

क्रेनची वेळ फिजी किंवा टोंगात असतानाच, जुलै-ऑगस्टमध्ये, ईमेलने धरा. तळाच्या तिसऱ्या मार्गाने येणार असाल तर यार्डचा लेखी होकार सूचनेसोबत जायला हवा, 'बोलणं झालंय' चालत नाही. आणि नोंदवलेल्या तारखेसाठी वाईट हवेत निघू नका. त्या समुद्रात साधारण आठवड्याला एक कमी दाबाचा पट्टा सरकत येतो, उच्च दाबाच्या मागून निघणारे वाटेतल्या मिनर्व्हा रीफला (प्रवाळाच्या खडकांपाशी) चार-पाच दिवस थांबून मगच खाली उतरतात. यार्डला तारीख देताना आठ दिवसांची सवड मागा, ओपुआ आणि व्हांगारेईतली माणसं ती मागणी समजून घेतात. व्हांगारेईला जाणार असाल तर २.२ मीटर खोलीच्या बोटीने हाटेया नदीत भरतीच्या चढत्या पाण्यावरच शिरायचं, म्हणजे तळ टेकला तरी पाणी चढून बोट सुटते.